पाटल्या मोडायच्या नाहीत

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर माझ्या नव्या लॅपटॉपचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "पाटल्या तशाही कपाटातच असतात," आणि मला पुढं बोलताच आलं नाही. म्हणून लिहितेय. आई, पाटल्या मोडायच्या नाहीत. दादाच्या वेळी गोठ गेले, तेवढं पुरे. आणि बाबा, रागावू नका, तुमचे २० हजार मी आज सकाळी परत तुमच्या खात्यावर टाकलेत. नवा लॅपटॉप घेणार नाही. ठरलंय माझं.

दादाचा जुना लॅपटॉप आता अडत नाही, खरंच. चार जीबी रॅमवर विंडोज १० चालताना धाप लागायची. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याचा सपोर्टही संपला, आणि विंडोज ११ या मशीनवर बसत नाही. मग मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं, त्यातलं हलकं, एक्सएफसीईवालं; ते फुकट मिळतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, बसवली. खर्च तेवढाच, तोही शिकवणीच्या पैशांतून. पूर्वी बटण दाबून चहा ठेवायचे, तो पिऊन व्हायचा तरी स्क्रीनवर चक्र फिरतच. आता आधण यायच्या आत सुरू होतो.

वेबसाइट बनवायच्या क्लासमधले सगळे कोड लिहायला व्हीएस कोड वापरतात. त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो, म्हणून मेमरी फार लागते. मी त्याऐवजी जीनी नावाचा हलका एडिटर घेतलाय. वेबपानं ज्यांत लिहितात त्या एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट या शेवटी साध्या मजकुराच्या फाइली, कशातही लिहाव्यात. रिअॅक्ट (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) चालवताना बाकीचे टॅब मिटवावे लागतात, तेव्हा एमडीएन या माहितीच्या साइटचं पान मोबाइलवर उघडून शेजारी ठेवते. उलट मी बनवलेलं वेबपान जड झालं की मला आधी कळतं. आपल्या प्राजक्ताचे फोटो पाच-पाच एमबीचे तसेच लावले होते, तर पान सरकेना. रुंदी कमी करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले, प्रत्येक दीडशे केबीच्या आत आला. तेच पान बाबांच्या फोनवर लगेच उघडलं ना?

बाबा, पाचवीत मी तुमच्याच मोठ्या सायकलवर शिकले. दांड्याखालून पाय घालून. तुम्ही कॅरिअर धरून देवळापर्यंत पळत यायचात, आणि मी सारखी विचारायचे, "धरलंय ना?" आजही तसंच विचारावंसं वाटतं.

जेवणाची काळजी नको. डब्यात भाकरी असते, आई, तुझी लसणाची चटणी अजून अर्धी बरणी आहे. अकराला झोपते.

आता ऐका. ते २० हजार आईच्या मोतीबिंदूसाठीच होते, मला माहितीये. दिवाळीनंतर बघू, हे चालणार नाही. याच आठवड्यात तारीख घ्या. त्याआधी आईची शुगर तपासा. बाबा, तुम्ही गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना चढायचा नाही. मी दोन दिवस आधी येते, डोळ्यांत थेंब मीच घालीन. अभ्यास तिथेच करेन. लॅपटॉपची बॅटरी गेलीय, सारखा लावून ठेवावा लागतो, तेवढं देवघराजवळचं प्लगचं बटण दुरुस्त करून ठेवा.

तुमची,
धाकटी