जुळ्यांची झबली

सातारा

चि. नितीन यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. पोरं गोड दिसतात, दृष्ट काढा. फोनवर तू चिडलास, मीही मध्येच ठेवून दिला, म्हणून लिहितेय. ओवीच्या डोक्याला तो फुलाचा पट्टा कशाला रे? केस यायचेत अजून, आणि इलास्टिकचा वळ मला इथून दिसला. मुलगी आहे हे लोकांना कळावं म्हणून?

नागपुरात पारा 45 वर, आणि चार महिन्यांच्या ईशानला जीन्स! त्याला खिसे हवेत कशाला? ओवीला टोचरी जाळी. घामोळं दोघांना सारखंच येतं.

'मुलींना गुलाबी, मुलांना निळा, असंच असतं,' म्हणालास. तुझे बाबा लगेच पुस्तकं काढून बसले. अमेरिकेतल्या बाळकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने 1918 साली नेमकं उलटं छापलं होतं म्हणे: गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून मुलींना. आणि फ्रँकलिन रूझवेल्टचा 1884 चा फोटो दाखवला. अडीच वर्षांचा, अंगात पांढरा फ्रॉक, केस खांद्यापर्यंत, मांडीवर पिसाची टोपी. पुढे अध्यक्ष झाला ना!

तुला ताईचीच झबली होती, पायात वाळेही तिचेच. बोरन्हाणाला काळ्या झबल्यावर हलव्याचा हार, बाजूबंद घालून बसलास आणि मुकुट चाटत राहिलास. माई हसून हसून दमल्या. त्यांच्या जुन्या लुगड्याची दुपटी किती मऊ होती! सूनबाईच्या डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघाला तेव्हा बायकांनी केवढा गलका केला, आणि बर्फी पाठोपाठ आलीच.

उद्या ओवी मातीत बसली की 'फ्रॉक मळेल', ईशान रडला की 'मुलींसारखा काय रडतोस'. मला भीती वाटते ती याची. पट्टा आज काढता येतो, हे बोलणं नाही निघत पुढे. बघ, सुरू झाली माझी शाळा. रागावू नकोस. रात्री तूच उठून लंगोट बदलतोस, हे सूनबाईने सांगितलं. मी ते कुलकर्णी काकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय.

सहा झबली पाठवतेय, एकाच मलमलची, नाड्यांची. कुठलं कुणाचं ते शोधत बसू नका. घालण्याआधी दोनदा धुवा, खळ आहे. आणि तो पट्टा झोपताना तरी काढता ना?

तुझी आई