परराष्ट्र मंत्रालयाला प्रश्न विचारताना गोव्याचे काय चुकते?

मा. संपादक,

स. न.

आखातात एखादा गोमंतकीय खलाशी अडकला किंवा पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांच्या ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) घोळ पुन्हा वर आला, की संसदेत प्रश्न जातो, यथावकाश अर्ध्या पानाचे उत्तर येते आणि केंद्राने गोव्याच्या तोंडाला पाने पुसल्याची बातमी छापून येते. उत्तर गुळमुळीत असते हे खरेच. पण उत्तराच्या वर छापलेला मूळ प्रश्न सहसा कोणी वाचत नाही. तो वाचला तर बऱ्याचदा दिसते, की मंत्रालयाला पळवाट शोधावी लागलेलीच नाही; ती प्रश्नातच तयार होती. पुढचे अधिवेशन येण्याआधी याबद्दल जरा तपशिलात लिहायला हवे.

आधी संख्याबळ पाहू. गोव्याच्या वाट्याला लोकसभेच्या दोन जागा आणि राज्यसभेची एक. उत्तर गोव्याचे श्रीपाद नाईक केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. उरले दक्षिण गोव्याचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस आणि राज्यसभेतले सदानंद शेट तानावडे. म्हणजे प्रत्येक सभागृहात गोव्याच्या बाजूने विचारणारा माणूस एकच. परराष्ट्र मंत्रालयाचा वारही आठवड्यातून एकदाच येतो. गेल्या काही अधिवेशनांत तो लोकसभेत शुक्रवार आणि राज्यसभेत गुरुवार असा आहे. चार आठवड्यांच्या अधिवेशनात चार शुक्रवार. लोकसभेच्या यादीत त्या दिवशी सगळ्या खात्यांचे मिळून २० तारांकित (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि २३० अतारांकित (ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळते) प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. एका खासदाराच्या नावावर लोकसभेत दिवसाला फार तर पाच प्रश्न, त्यांत तारांकित एकच, आणि तोही सोडतीत वर निघाला तर. तासाभरात पाच-सहा तारांकित प्रश्नांपलीकडे सभागृह क्वचितच जाते. इतक्या थोड्या संधी असताना एकही प्रश्न वाया घालवणे परवडत नाही.

प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. त्यात सूचना दिल्याचा दिवस धरत नाहीत आणि उत्तराचाही नाही. म्हणजे शुक्रवारच्या उत्तरासाठी सूचना दोन आठवड्यांआधीच्या बुधवारपर्यंत गेली पाहिजे, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी दिली तर ती बाद. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की कोणत्या मंत्रालयाचा कोणता वार हे सचिवालयाच्या बुलेटिनमध्ये येते. खासदाराच्या कार्यालयात मसुदा त्याच्या आधीच तयार असायला हवा. आपल्याकडे प्रश्न सुचतो तो अधिवेशन सुरू झाल्यावर, एखादी बातमी वाचून. तोवर पहिले दोन शुक्रवार हातचे गेलेले असतात.

आता सर्वांत मोठी चूक, म्हणजे प्रश्न भलत्याच मंत्रालयाला जाणे. परदेशाशी संबंध आला की विषय परराष्ट्र खात्याचा, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ओसीआय आणि नागरिकत्व हे विषय गृह मंत्रालयाचे. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि ते घेतले की नाही यावर वाद झाला तर निर्णय केंद्र सरकार देते. ती फाईल गृह मंत्रालयात चालते. पासपोर्ट देणे, जमा करून घेणे, रद्द करणे हे मात्र परराष्ट्र मंत्रालयाकडे. २०२४ मध्ये सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला) नसेल तर पासपोर्ट रद्द केल्याचे प्रमाणपत्र ओसीआयसाठी चालेल का, यावरून गोव्यात जो गोंधळ उडाला, तो या दोन खात्यांच्या सीमेवरचाच होता. अशा विषयावर एकच प्रश्न करून तो परराष्ट्र मंत्रालयाला पाठवला, तर ओसीआयचा भाग एक तर गाळला जातो किंवा सगळा प्रश्नच गृह मंत्रालयाकडे वर्ग होतो. वर्ग झालेला प्रश्न गृह मंत्रालयाच्या वारी बसवावा लागतो आणि मग कधी कधी कुठल्याच यादीत दिसत नाही. सोपा उपाय म्हणजे दोन वेगळे प्रश्न करावेत. पासपोर्टची आकडेवारी परराष्ट्र मंत्रालयाला विचारावी, कलम ९ खालील प्रलंबित प्रकरणे गृह मंत्रालयाला.

खलाशांच्या बाबतीतही दोन खाती गुंतलेली असतात. १३ एप्रिल २०२४ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने ‘एमएससी एरीज’ हे जहाज ताब्यात घेतले. त्यावर १७ भारतीय होते आणि जहाजावर झेंडा होता पोर्तुगालचा. अशा वेळी तेहरानमधील दूतावासाने काय केले आणि झेंड्याच्या देशाशी काय बोलणे झाले, हे परराष्ट्र मंत्रालयाला विचारायचे. पण खलाशाला जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीचा भरती परवाना, तिच्यावरील कारवाई, थकलेला पगार हे सगळे नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाकडे असते. वास्को-मडगावात तारवटींच्या (खलाशांच्या) कुटुंबांना छळणाऱ्या तक्रारी बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि आपले प्रश्न मात्र पहिल्या प्रकारचे.

दुसरी चूक आकडे मागण्यातली. ‘परदेशांतील तुरुंगांत गोव्याचे किती लोक आहेत?’ या प्रश्नाला राज्यवार उत्तर मिळण्याची आशा धरूच नये. दूतावासाची नोंद देशवार आणि राष्ट्रीयत्वानुसार असते. शिवाय अनेक देशांत खासगीपणाचे कायदे कडक असल्याने कैद्याच्या संमतीशिवाय स्थानिक यंत्रणा माहिती देत नाही, हे मंत्रालयाचे ठरलेले वाक्य आहे आणि ते खोटे नाही. नागरिकत्व सोडणाऱ्यांचेही तेच. २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९, २०२४ मध्ये २,०६,३७८ हे देशाचे आकडे संसदेत आले. त्यांतले गोव्याचे किती हे त्यांवरून कळत नाही. पण नोंद जिथे होते तिथला एकक वापरला की चित्र बदलते. माहिती अधिकारात पासपोर्ट कार्यालयवार आकडे मागितले तेव्हा २०११ ते ऑक्टोबर २०२२ या काळात प्रादेशिक कार्यालयांत जमा झालेल्या सुमारे ६९ हजार पासपोर्टांपैकी २८ हजारांहून अधिक एकट्या गोव्याचे असल्याचे बाहेर आले. म्हणजे माहिती होती. ‘गोवा राज्य’ असे न म्हणता ‘पणजीचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय’ असे म्हणायचे होते, इतकेच.

तिसरी गोष्ट मसुद्याची. आपल्याकडचा नमुनेदार प्रश्न असा असतो: ‘पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवलेल्या गोमंतकीयांवर होणाऱ्या अन्यायाची सरकारला कल्पना आहे का; असल्यास तपशील द्या; सरकार कोणती पावले उचलत आहे; आणि नसल्यास कारणे द्या?’ यात ‘अन्याय’ हा आरोप आहे, आणि लोकसभेच्या नियम ४१ नुसार आरोप, अनुमान, उपरोध, मतप्रदर्शन किंवा काल्पनिक परिस्थिती प्रश्नात चालत नाही. सचिवालय तो शब्द काढून टाकते. उरलेल्या चार भागांत एकही असा नाही ज्याला स्वतंत्र उत्तर द्यावे लागेल. मग उत्तर येते ‘(अ) ते (ई)’ असे एकत्र, एका परिच्छेदात, ‘सरकार याबाबत संवेदनशील आहे’ असल्या वाक्याने सुरू होणारे. हे एकत्रीकरणच मंत्रालयाचे सर्वांत आवडते हत्यार आहे. त्याला अडवायचे असेल तर प्रत्येक भागाचे उत्तर वेगळ्या प्रकारचे असले पाहिजे: एकात आकडा, एकात तारीख, एकात रक्कम. तोच विषय असा मांडता येतो:

(अ) १ जानेवारी २०२२ पासून पणजी प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात जमा करण्यासाठी आलेल्या पासपोर्टांची वर्षवार संख्या. (आ) त्यांपैकी पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १० खाली रद्द केलेल्यांची संख्या. (इ) सरेंडर सर्टिफिकेटसाठी प्रलंबित अर्ज, आणि त्यांतील सर्वांत जुन्या अर्जाची तारीख. (ई) याबाबत गृह मंत्रालयाशी झालेल्या शेवटच्या पत्रव्यवहाराची तारीख.

दीडशे शब्दांची मर्यादा यात सहज पाळली जाते. ‘सर्वांत जुन्या अर्जाची तारीख’ हा भाग विशेष महत्त्वाचा, कारण सरासरीच्या आड लपता येते, एका तारखेच्या आड नाही. पोर्तुगालमध्ये केलेली जन्मनोंद म्हणजेच नागरिकत्व का, हे मात्र संसदेत विचारू नये. तो कायद्याचा अर्थ विचारणे झाले आणि असे प्रश्न स्वीकारले जात नाहीत. कलम ९(२) खाली किती प्रकरणे निकालात निघाली, हे विचारता येते. पोर्तुगालबद्दल लिहिताना जिभेलाही आवर हवा. मित्रराष्ट्राचा असभ्य उल्लेख नियमात बसत नाही. १९६१ पर्यंत गोव्याचा प्रश्न स्वतःच परराष्ट्र खात्याच्या उत्तरात असायचा आणि पंडित नेहरूच त्या खात्याचे मंत्री होते. ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि ते प्रकरण मिटले. जुना राग आता प्रश्नाच्या मसुद्यात ओतण्यात हशील नाही.

अटकेच्या प्रकरणांत व्हिएन्ना करार १९६३ चे कलम ३६ (अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क देणारे) हाताशी धरावे. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १७ जुलै २०१९ चा निकाल याच कलमावर होता. विचारायच्या तारखा तीन: अटकेची माहिती दूतावासाला कधी मिळाली, भेटीची मागणी कधी केली, भेट कधी झाली. चौथा भाग भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलासाठी किंवा परतीच्या तिकिटासाठी किती रक्कम दिली हा. दूतावासांकडे असलेल्या या निधीचे नियम २०१७ मध्ये सैल झाले आहेत, तरी आपल्याकडे तो कोणी मागत नाही. कैद्याचे नाव मात्र प्रश्नात घालू नये, ते कायमचे छापले जाते. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक खासदाराच्या पत्रात द्यावा. आणि हो, खासदाराच्या लॉगिनवरून प्रश्न टाकून देतो म्हणणाऱ्या उत्साही माणसाला दूर ठेवावे. लॉगिन दुसऱ्याच्या हाती दिल्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेतील एक सदस्यत्व गेले आहे.

धोरणाच्या प्रश्नांना अतारांकित उत्तर मागण्यात अर्थ नाही. सरकारची भूमिका काय, असे विचारले की प्रवक्त्याचे जुने निवेदन उतरवून येते. त्यासाठी तारांकित प्रश्नच हवा. छापील उत्तर त्रोटक असते, पण मंत्र्यांच्या हातात अधिकाऱ्यांनी उपप्रश्नांसाठी तयार केलेले टिपण असते, ज्याला दिल्लीत ‘नोट फॉर पॅड’ म्हणतात. माल तिथे असतो आणि तो उपप्रश्नानेच बाहेर निघतो. करारांच्या बाबतीतही असेच. आपल्याकडे करारांना संसदेची मंजुरी लागत नाही, त्यामुळे झालेल्या कराराचे पुढे काय झाले हे विचारणे एवढेच खासदाराच्या हाती असते. भारतीय कामगारांच्या भरतीबाबत पोर्तुगालशी १३ सप्टेंबर २०२१ रोजी करार झाला. त्याखाली किती जण कायदेशीर मार्गाने गेले, हा प्रश्न पोर्तुगालशी सर्वांत जवळचे नाते असलेल्या राज्याने विचारायचा नाही तर कोणी?

‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे उत्तर आले की आपण निराश होतो. खरे तर ते चांगले उत्तर आहे. ‘विचाराधीन आहे’ हेही. अशा वाक्याला आश्वासन मानतात आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते, शासकीय आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते. मंत्रालय मुदतवाढ मागते, कधी आश्वासन वगळण्याचीच विनंती करते. खासदाराने समितीला पत्र लिहून विचारत राहिले तर वगळणे अवघड जाते. उत्तर चुकीचे निघाले तर लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ते दाखवून देता येते. नुसते अपुरे असेल तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. घटना अधिवेशनातच घडली आणि पंधरा दिवस थांबणे शक्य नसेल, तर अल्पसूचना प्रश्नाच्या नादी न लागता, कारण त्याला मंत्र्यांची संमती लागते, शून्य प्रहर किंवा नियम ३७७ (प्रश्नाऐवजी विषय थेट सभागृहात मांडण्याची सोय) वापरावा.

गोवा विधानसभेत परराष्ट्र धोरणावर प्रश्न येऊ शकत नाही, हेही लोक वारंवार विसरतात. पण राज्याच्या एनआरआय खात्याने परराष्ट्र व गृह मंत्रालयाला कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाची पत्रे पाठवली आणि त्यांना काय उत्तर आले, हा सरळ राज्याचा विषय आहे आणि त्यावर एलएक्यू (विधानसभेतला प्रश्न) नक्की चालतो. आमदारांनी ती यादी मिळवून खासदारांना द्यावी. पत्राचा क्रमांक आणि तारीख दिल्लीच्या प्रश्नात असली, की ‘राज्य सरकारकडून असे निवेदन आलेले नाही’ असे लिहायला तिथल्या अधिकाऱ्याचा हात सहजासहजी धजत नाही.

आपला,
एक वाचक, मडगाव