येत नसेल ते सोड

श्रीवर्धन, बुधवार रात्र

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर आपलं दोघींचं तिसऱ्या वाक्याला वाजतं. म्हणून कागद घेतला. पुढच्या शनिवारी तुझा गुंतवणूक सल्लागाराचा पेपर आहे, त्याआधी पोचेल.

भांडणाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय. तुझी सराव-वही ओटीवर राहिली, एवढंच कळवायचं होतं. रागारागात एसटी गाठलीस ती छत्री घेऊन आणि वही टाकून. दोन दिवस नुसती बघत होते. काल लाइट गेले, पाऊस कोसळत होता, मग मेणबत्तीत उघडली.

पहिलाच प्रश्न आपल्या पोस्टातल्या आरडीचा निघाला, दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायच्या ठेवीचा. महिना 1000 रुपये, पाच वर्षं, 6.7 टक्के, तिमाही चक्रवाढ. तू अख्खं पान सूत्रांनी भरलंयस. मी न लिहिता सांगितलं असतं: 60 हप्ते, 60,000 भरले, हातात 71,366. लोकांचे हप्ते नोंदवायची ती ‘असलास’ कार्डं भरून भरून तोंडपाठ झालंय. तुझंही उत्तर तेच आलंय म्हणा.

पण मनू, त्या वहीत एकही प्रश्न तू मोकळा सोडलेला नाहीस. एकही. गेल्या वेळी 150 पैकी 90 हवे होते आणि तू साडेशहाऐंशीवर अडकलीस. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापतात, हे तूच मला सांगितलंस. म्हणजे चार चुका मिळून एक बरोबर उत्तर खातात. येत नसेल ते सोडावं की नाही?

लहानपणापासूनची खोड आहे तुझी. सहा वर्षांची होतीस, फाटकावर झोके घेत होतीस. गाडीतून पाहुणे आले, हरिहरेश्वरचा रस्ता विचारला. तू ठसक्यात हात करून त्यांना दिवेआगरकडे धाडलंस. तासाभराने तीच गाडी परत आली, आणि बाबा फाटकात उभे राहून हात जोडत होते. मी विचारलं, माहीत नव्हतं तर बोललीस कशाला? म्हणालीस, "त्यांनी मला विचारलं होतं ना!"

आता लोक तुला पैशाचं विचारतील.

हे लेक्चर झालं. माफ कर.

खरं सांगू, ते तुझं वाक्य घशातच अडकलंय. "आई, तू सल्ला देत नाहीस, तू विकतेस. चार टक्के मिळतात म्हणून सगळ्यांना आरडी सांगतेस." बरोबर आहे, मिळतात. हजाराच्या कार्डामागे चाळीस रुपये. बाबा गेल्यावर पोस्टाच्या आरडीची ही एजन्सी घेतली. त्या चाळीस-चाळीसमधून तुझं बी.कॉम. झालं आणि दादाचा आयटीआय. हे उपकार म्हणून लिहीत नाही. खोडणार होते, पण आता शाईनं लिहिलंय, राहू दे.

आणि 3 जून 2020 विसरलीस का? निसर्ग वादळात आपल्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, तशाच सगळ्यांच्या. पोस्ट सुरू झालं तशी माणसं कार्डं घेऊन दारात आली, मोडून द्या म्हणत. मी एकेकीला बसवून सांगितलं, बाई, मोडू नको. बारा हप्ते भरलेत ना, मग निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, व्याज आरडीच्या दरावर दोन टक्के जास्त, पण खातं जिवंत राहील. फॉर्म मीच भरले. त्या फॉर्मांवर मला दमडी मिळत नव्हती. तो सल्ला नव्हता?

पण तुझ्या बाजूनेही एक गोष्ट आहे, ती आजवर कुणाला बोलले नाही. जीवना बंदरावरचा तो पोरगा, ज्याची होडी आली आणि तो आला नाही. त्याचं माझ्याकडे 500 चं कार्ड होतं, 14 हप्ते भरलेले. 7000 आणि वर थोडं व्याज घेऊन मी त्याच्या बायकोसमोर उभी राहिले. कडेवर मूल होतं. तिने पैसे मोजलेसुद्धा नाहीत. टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना मोठी रक्कम देणारा विमा, हा शब्द तेव्हा माझ्या तोंडातच नव्हता. कुणी शिकवला नव्हता, आणि माझ्या पिशवीत कार्डांशिवाय काही नव्हतं. तुझ्या वहीत कमावत्या माणसाच्या विम्याचं गणित आहे, किती वर्षांचा खर्च, किती कर्ज, मुलांचं शिक्षण किती. ते मी दोनदा वाचलं. तुला परीक्षेत हे विचारतात हे बघून फार बरं वाटलं. सल्ल्याची फी घ्यायची आणि कमिशन घ्यायचं नाही, हेही पटतं. फी कोण देईल ते मात्र मला दिसत नाही. ते तू बघ.

आता खरी चूक दाखवते. पान 41. गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला, ठेवीवर नॉमिनी भाऊ. मागे बायको, दोन मुलं आणि आई. भावाचे पैसे नव्हेत, तो नुसता सांभाळणारा, हे तू बरोबर लिहिलंस. आणि मग घाईत एक तृतीयांशावर खूण केलीस. अगं, आई मोजली नाहीस! हिंदू वारसा कायद्यात आईसुद्धा बायको-मुलांच्या रांगेत. चार जण, प्रत्येकी 25 टक्के. कायदा मी वाचलेला नाही. बाबा गेल्यावर तलाठ्याने वारसनोंद केली तेव्हा आपल्या तिघांच्या बरोबरीने आजीचं नाव चढलं. अंगठा नको, सही करते म्हणून आजी अडून बसली होती आणि "पार्वती" लिहायला तिला किती वेळ लागला! तू माझा पदर धरून उभी होतीस. तू आजीला कशी विसरलीस?

चिडू नकोस. मीही काही शहाणी नाही. हे पान वाचून रात्री माझं स्वतःचं कार्ड काढलं. तिथे नॉमिनी म्हणून अजून आजीच आहे. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. गावभर नॉमिनी बदलून घ्या म्हणून ओरडत फिरणारी मी! उद्या पोस्टात फॉर्म आणते. तुझं नाव घालू की दादाचं? दोघांची घालता येतात ते माहीत आहे, पण दादाला राग येईल का, ते सांग. तू विचारून बघ, माझ्याशी तो सरळ बोलत नाही. नारळाच्या त्या प्रकरणापासून.

वाडीत पोफळींवर बोर्डोची फवारणी मारून झाली, पावसाने उघडीप दिली तेवढ्यात. वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी दोघींना यंदा घड धरलाय. कोळेरोग न लागो.

वही एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतेय, स्वारगेटला उतरवून घे. पान 41 वर मी पेन्सिलीने खूण केलीय, पुसता येईल.

तुझी
आई

ता. क. परीक्षेला मूळ ओळखपत्र ने, झेरॉक्स नको. रात्री जागू नकोस. आणि येत नसेल ते... जाऊ दे, लिहून झालंय वर.