टेप बदलण्याआधी वायर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की गाडीला काहीतरी नवीन करायचे म्हणून पहिला बळी जातो तो टेपचा. कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी कोल्हापुरात गाडीतल्या स्टिरिओला अजून टेपच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. मोबाईलवरचे गाणे टेपवर घरघरते, मध्येच तुटते, एकाच बाजूने येते. 'टेप गेलाय, अँड्रॉइड बसवा,' असा सल्ला मिळतो आणि काही हजारांचे बिल होते. घरी येईपर्यंत नव्या टेपवर तीच घरघर सुरू झालेली असते, कारण दोष टेपमध्ये नव्हताच. तो बहुतेकदा वायरीत, पिनमध्ये, चार्जरमध्ये नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये असतो. हे घरच्या घरी कसे ओळखायचे, तेवढ्यासाठी हे पत्र.

सर्वांत जुनी तक्रार शिट्टीची. फोन ऑक्स वायरने, म्हणजे हेडफोनच्या भोकातून टेपला जाणाऱ्या वायरीने, टेपला जोडलेला आणि त्याच वेळी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चार्जिंग चालू. गाण्यामागे बारीक कुईं असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, सोडला की उतरतो. इंजिनाबरोबर सूर बदलतो म्हणजे ही करामत अल्टरनेटरची, इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची. होते असे की फोनला अर्थ (म्हणजे अर्थिंग, मायनसची वाट) दोन वाटांनी मिळतो : एक चार्जरमधून गाडीच्या बॉडीला, दुसरी ऑक्स वायरीतून टेपला. या दोन जागांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो आणि त्या फरकामुळे ऑक्सच्या अर्थ वायरीतून नको तो करंट वाहतो. टेपला तो गाण्याचाच भाग वाटतो आणि तो इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. चार्जर उपसून पाहा. शिट्टी तिथल्या तिथे थांबली तर टेपला हात लावू नका. फोन आधी चार्ज करून घ्या, वाटेत लागलाच तर पॉवर बँकेवर ठेवा. किंवा ऑक्स वायरीच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बसवा. तिच्यात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, अर्थ मात्र तुटलेलाच राहतो. काहीशे रुपयांचे काम आहे. अगदी स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मर फारच लहान असतात, त्यामुळे ढोलाचा खालचा घुमारा थोडा कमी होतो, एवढेच.

चार्जर काढूनही शिट्टी राहिली तर टेपचा आवाज शून्यावर आणा. शून्यावरही ती ऐकू येत असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर आहे का ते पाहा. असल्यास त्याच्याकडे आवाज नेणाऱ्या बारीक आरसीए वायरी बॅटरीच्या जाड वायरीला खेटून नेलेल्या असण्याची शक्यता मोठी. एक गाडीच्या डाव्या कडेने आणि दुसरी उजव्या कडेने न्यावी. ॲम्प्लिफायर नसेल तर टेपच्या मागची काळी वायर कुठे आवळली आहे ते बघा. रंग न खरवडता पत्र्यावर स्क्रू मारला असेल तर तो अर्थ नव्हे. आणि खरखर फक्त रेडिओवरच असेल तर आधी हेडलाइटचे बाहेरून बसवलेले एलईडी बल्ब बंद करून बघा, मग डॅशकॅमचा चार्जर काढून. या दोन्हींतले स्वस्त सर्किट एफएमवर भरपूर कचरा टाकते.

गाणे एकाच बाजूने येते तेव्हा संशय साडेतीन मिलिमीटरच्या पिनवर घ्यावा. पिनवर तीन पट्टे असतात : टोक डावा आवाज, मधला उजवा, मुळाशी अर्थ. टेपसाठी हीच तीन पट्ट्यांची पिन हवी. माइक असलेल्या हेडफोनची चार पट्ट्यांची वायर टेपला लावली तर काही ठिकाणी अर्थ नीट टेकत नाही आणि गाण्यातला गायकच गायब होतो, फक्त वाद्ये पोकळ ऐकू येतात. फोनच्या भोकात खिशातला कापसासारखा मळ दाबून बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकने अलगद काढा, सुईने नको. ज्या फोनला हे भोकच नाही त्याला टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो. इथे फसगत ठरलेली, कारण जोड दोन जातींचे येतात. एकात नुसत्या तारा असतात, दुसऱ्यात डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी चिप, म्हणजे डॅक, असते. अनेक फोनना डॅकवालाच जोड लागतो, नुसत्या तारांच्या जोडावर ते मुके राहतात. घेताना पाकिटावर 'डॅक' लिहिलेले पाहा आणि दुकानातच आपल्या फोनला लावून ऐका. ऑक्स आणि चार्जिंग एकत्र देणारे दुतोंडी जोडही मिळतात. ते घेतले की वर सांगितलेली शिट्टी बहुधा सोबत येते.

ऑक्सवर वाजवताना फोनचा आवाज पूर्णाच्या सुमारे ऐंशी टक्के ठेवून बाकीचे टेपवरून करा. फोन हळू आणि टेप फुल्ल ठेवला तर टेप गाण्याबरोबर सगळा खरखराटही फुगवतो. फोनमधले इक्वलायझर, म्हणजे बेस-ट्रेबल कमीजास्त करण्याची सोय, बंदच ठेवा. फोनमध्येही बेस वाढवलेला आणि टेपमध्येही, मग हलगीचा कडकडाट फाटलेल्या पत्र्यासारखा वाजतो आणि दोष स्पीकरला लागतो.

ब्लूटूथचे दुखणे वेगळे. फोन जोडला गेला, कॉल टेपवर येतात, पण गाणे फोनवरच वाजते. कारण कॉल आणि गाणी या ब्लूटूथच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत आणि दुसरी बंद राहिलेली असते. फोनच्या ब्लूटूथ यादीत टेपच्या नावापुढच्या चक्रावर जाऊन मीडिया ऑडिओ सुरू करा. तरीही नाही जमले तर फोनमधून टेपचे नाव आणि टेपमधून फोनचे नाव अशी दोन्हीकडून नावे खोडून काढा आणि पुन्हा जोडा. एकाच बाजूने पुसून काम होत नाही. टेपची स्मरणयादी छोटी असते. घरातले, पाहुण्यांचे, मागच्या मालकाचे फोन साठून ती भरली की नवा फोन जोडून घ्यायला टेप नकार देतो. जोडताना पिन नंबर विचारला तर बहुतेक टेपना ०००० किंवा १२३४ चालते. रस्ता सांगणाऱ्या ॲपचा आवाज कॉलच्या वाटेने पाठवण्याची सोय चालू असेल, तर वळण सांगताना गाणे थांबते नाहीतर टेलिफोनवरून आल्यासारखे बारीक होते. ती सोय ॲपमध्येच बंद करता येते. ब्लूटूथची आवाज पाठवण्याची साधी एसबीसी पद्धत सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ३२८ किलोबिट पाठवते. चालत्या गाडीच्या गोंगाटात एवढे पुरेसे आहे, त्यासाठी महागडा टेप घेण्याची गरज नाही. व्हिडिओत ओठ आधी आणि शब्द मागून येतात, तो ब्लूटूथचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

यूएसबी वायरीने फोन जोडला, चार्जिंग होते, पण टेपला गाणी दिसत नाहीत, हेही रोजचेच. पहिले कारण वायर : चार्जिंगपुरत्या स्वस्त वायरीत डेटाच्या दोन तारा नसतातच. दुसरे असे की अँड्रॉइड फोन आता स्वतःला पेनड्राइव्ह म्हणून दाखवत नाही, वेगळ्या पद्धतीने फाइली देतो, आणि जुन्या टेपला ती पद्धत कळत नाही. अशा गाडीत सरळ पेनड्राइव्ह वापरावा.

पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि फॅट३२ या फाइली साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करा. ६४ जीबीचा बाजारातून बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतो आणि जुना टेप त्याला 'नो फाइल' म्हणतो. ३२० किलोबिटचे पाच मिनिटांचे गाणे १२ एमबी होते. म्हणजे ३२ जीबीत अडीच हजारांवर गाणी मावतात. कुणाला याहून जास्त लागतात, त्यांनी कुठवर प्रवास करायचा ठरवलाय कोण जाणे. ६४ किलोबिटची गाणी भरू नका, भजनातले टाळ पाण्यात बुडवल्यासारखे वाजतात. गाण्यांचा क्रम चुकतो, कारण बरेच टेप नावाच्या नाही तर कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात. नावापुढे ००१, ००२ असे आकडे लावून, त्याच क्रमाने, रिकाम्या पेनड्राइव्हवर एका दमात कॉपी करावे. नावे रोमन लिपीत ठेवा. देवनागरी फाँट नसलेल्या टेपवर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हे उमटतात. व्हॉट्सॲपवरून आलेले व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचे असतात, ते टेपवर वाजत नाहीत. गाण्याच्या ॲपमधून 'डाउनलोड' केलेली गाणीही कुलूपबंद असतात, पेनड्राइव्हवर नेऊन उपयोग नाही. त्यांचा उपयोग आहे तो फोनवरच : गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात किंवा दाजीपूरच्या रस्त्याला रेंज गेली तरी गाणे चालू राहते.

ज्या टेपला ऑक्सही नाही आणि यूएसबीही नाही, त्यांना एफएम ट्रान्समीटर. सॉकेटमध्ये खोचायचा आणि रेडिओवर पकडायचा. कोल्हापुरात ९४.३ वर टोमॅटो एफएम आणि १०२.७ वर आकाशवाणी आहे. यांच्यापासून आणि ऐकू येणाऱ्या इतर केंद्रांपासून लांब, नुसती सूं अशी खरखर येणारी जागा शोधावी आणि ट्रान्समीटर तिथे लावावा. इथली मोकळी जागा पुण्यात मोकळी असेलच असे नाही, तिथे १०१ वर विविध भारती असते. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे काही जातच नाही, त्यामुळे आवाज थोडा बोथट येणार हे धरूनच चाला. कॅसेटचा जुना टेप असेल तर मोबाईलची वायर निघालेली कॅसेट त्याहून चांगली वाजते. टेप ती बाहेर फेकत असेल तर तिची चाके अडली आहेत असे समजावे.

एवढे करून टेप बदलायचाच ठरला, तर खरा धोका बसवताना आहे. वायरी तोडून चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. आपल्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायर न तोडता टेप जोडणारा प्लगचा जोड, मागा. काहीशे रुपयांत मिळतो, कंपनीची वायरिंग शाबूत राहते आणि वॉरंटीवरून वाद होत नाही. बाहेरून मिळणाऱ्या टेपमागे रंग साधारण ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीनंतरची, काळी अर्थ, निळ्यावर पांढरा पट्टा ॲम्प्लिफायर चालू करणारी. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळा पट्टा असेल ती त्या-त्या स्पीकरची मायनस. गाडीच्या स्वतःच्या कपलरमध्ये हे रंग पाळलेले असतीलच असे नाही, म्हणून वीज मोजणारा मीटर (मल्टिमीटर) लावल्याशिवाय जोडू नये.

लाल आणि पिवळी एकत्र पिळून दिली की टेप चावी काढल्यावरही जागा राहतो. समजा तो ३०० मिलिअँपिअर खातो, दिवसाला ७.२ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवस उभ्या गाडीत जवळजवळ रिकामी होते, आणि स्टार्टर त्याआधीच मान टाकतो. मग बॅटरी बदलली जाते, टेप तसाच खात बसतो. चावी काढून, दारे बंद करून बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर लावा. अर्ध्या तासाने ५० मिलिअँपिअरच्या आत आले पाहिजे. लाल-पिवळी उलट झाली तर प्रत्येक वेळी घड्याळ आणि केंद्रे पुसली जातात. याहून महागडी चूक म्हणजे स्पीकरची मायनस बॉडीला लावणे. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मा व्होल्टेज असतो. त्यातली एक पत्र्याला टेकली की आतली चिप जाते. जुन्या गाड्यांत दोन्ही स्पीकरची मायनस एकच असायची, त्या वायरिंगवर नवा टेप तसाच जोडला की हेच होते.

आणखी एक चूक ऐकू येते पण ओळखू येत नाही. एका दाराच्या स्पीकरची प्लस-मायनस उलट झाली की एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि ढोल हवेतच विरतो. लोक मग सबवूफर घेतात. बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवा. एकच बाजू वाजताना बेस वाढल्यासारखा वाटला तर वायर उलटी आहे. दाराचे पॅनेल काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला तर पडदा बाहेर आला पाहिजे. पडदा बाहेर येताना सेलची प्लस स्पीकरच्या ज्या टोकाला टेकली होती ते टोक प्लस.

खोक्यावर छापलेले 'चार गुणिले पन्नास वॅट' हा नाद खुळाच. गाडी चालू असताना व्होल्टेज १४.४ आणि स्पीकर ४ ओहमचा, तर एका चॅनेलमधून स्वच्छ आवाजाचे कागदावर जास्तीत जास्त २६ वॅट येतात, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. पडताळायचे तर मागचा फ्यूज पाहा. तो १० अँपिअरचा असेल तर आत जाऊ शकणारी सगळी वीजच १४४ वॅट. बाहेर २०० वॅट कुठून निघणार?

चालत्या गाडीत गाणे शोधायला फोन हातात घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीपासून, धोकादायक वाहन चालवणे धरले जाते. पहिल्या वेळी दंड एक ते पाच हजार. गाण्यांची यादी गाडी निघण्याआधीच लावून ठेवावी.

दुकानदार बंधूंना एक विनंती. बिलावर टेपचे मॉडेल, कपलर लावला की वायर तोडली, आणि चावी काढल्यावरचा करंट या तीन गोष्टी लिहून द्याव्यात, आणि जुना टेप कपलरसकट गिऱ्हाइकाला परत द्यावा. गिऱ्हाइकानेही पैसे देण्याआधी तिथेच इंजिन चालू करून, चार्जरला फोन लावून, एक गाणे रेस देऊन ऐकावे. मग चावी काढून पाच मिनिटे थांबावे आणि टेपचा स्क्रीन विझलाय का ते पाहावे.

आपला,
कार ऑडिओच्या कामाची जाण असलेला एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर