अंगणातला ऋतू बालवाडीत यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडल्या की स्थानिक पानांवर बालवाड्यांच्या 'पाऊस दिना'चे फोटो येऊ लागतात. निळ्या कागदाचे ढग, एका मापात कापलेल्या पंचवीस छत्र्या आणि कोरड्या वर्गात रेनकोट घालून उभी केलेली मुलं. छत्रीची कड पाहिली की कळतं, कात्री बाईंच्या नाहीतर आईच्या हातात होती. मुलाने शेवटी फक्त गोंदाचं बोट लावलं. तयारीत शिक्षिकांचे दोन-तीन दिवस जातात, म्हणून हे कळकळीने लिहीत आहोत. तेवढ्याच कष्टात मुलांना खरा पावसाळा देता येतो.

मोबाइलवर फिरणारी तयार वार्षिक नियोजनं हा दुसरा घोटाळा. त्यांत ऑक्टोबरला केशरी पानांची पानगळ असते आणि डिसेंबरला बर्फाचा माणूस. आपल्याकडे ऑक्टोबरात झाडं हिरवीगार असतात. साग उघडा पडतो, पळस आणि काटेसावर फुलतात ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. चार वर्षांचं मूल डोळ्यांनी बघतं त्यावर विश्वास ठेवतं. तक्ता एक सांगतो आणि खिडकीबाहेर भलतंच दिसतं, तेव्हा ते बघणं सोडून पाठ करायला लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते पानं, बिया, शंखशिंपले आणि माती यांच्या आधारावर. आजही एवढं साहित्य प्रत्येक अंगणवाडीच्या दारात आहे.

पावसाळ्यात सर्वांत फळणारा उपक्रम म्हणजे बी पेरणं. तो एका दिवसात उरकायचा नाही, तीन आठवडे चालवायचा. चवळी आणि मका ही जोडी घ्या. दाणे मोठे असल्याने लहान बोटांत नीट धरता येतात, आणि दोन्हींची उगवण अगदी वेगळी दिसते. चवळी वाकलेली मान वर काढते आणि दाण्याची दोन दलं सोबत घेऊन येते. मका गुंडाळलेल्या सुरळीसारखा सरळ टोक काढतो. 'हे वेगळं का दिसतंय?' हा प्रश्न मुलंच विचारतात.

दाणे रात्री भिजत घाला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या किंवा दह्याचे डबे घ्या आणि तळाला दोन भोकं बाईंनीच पाडा. माती वरून दोन बोटं रिकामी राहील इतकी भरा. मुलाने आपलं बोट अर्धं मातीत खुपसायचं, त्या भोकात दाणा टाकायचा आणि माती लोटायची. एका डब्यात तीन दाणे टाका, कारण एखादा उगवत नाही आणि मग त्या मुलाचा डबा उजाड राहतो. डब्यावर नाव लिहून उपयोग नाही, मुलांना वाचता येत नाही. प्रत्येकाच्या दप्तरावर जे चित्र आहे, मासा, चेंडू, फूल, तेच डब्यावर काढा.

बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्याने. प्रेमापोटी मूल दिवसातून दहादा पाणी घालतं आणि दाणा कुजतो. म्हणून तांब्या न ठेवता एक चमचा ठेवा. आधी बोटाने माती चाचपायची, कोरडी लागली तरच दोन चमचे. आठवडाभरात काहीच उगवलं नाही तर माती उकरून मुलांसमोर दाणा बघा. मऊ होऊन वास येत असेल तर पाणी जास्त झालं. कडक असेल तर बी जुनं आहे किंवा पाणी पोचलेलं नाही. डबे अंधाऱ्या कोपऱ्यात राहिले तर रोपं पिवळट, लांबुडकी होऊन खिडकीकडे झुकतात. असं झालं तर एक डबा मुद्दाम तसाच राहू द्या आणि बाकीचे उजेडात हलवा, मुलांना फरक दिसतो. कोंबड्या आणि शेळ्या मात्र कोवळं रोप सोडत नाहीत, तेव्हा जागा उंचावरची हवी.

मुलं दाणा उकरून बघणारच. त्यांना रागावण्यापेक्षा एका पारदर्शक पेल्यात आतून सुती कापडाची गुंडाळी बसवा. कापड आणि पेल्याची भिंत यांच्यामध्ये चार दाणे अडकवा आणि तळाशी बोटभर पाणी ठेवा. पाणी दाण्याला टेकता कामा नये, कापडातून ओल चढते तेवढी पुरते. वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, तो दोन दिवसांत लगदा होतो. दोन दाणे उलटे लावा. दाणा कसाही ठेवला तरी मूळ खालीच वळतं, हे मुलांना रोज सकाळी येऊन बघता येतं. बुरशी दिसली तर दाणे दाटीने लागले आहेत असं समजा.

इथे एक कळकळीची सूचना. कृषी केंद्रातलं गुलाबी, लाल किंवा निळसर रंग चढवलेलं बियाणं मुलांच्या हातात कधीही देऊ नका. त्यावर औषध चोळलेलं असतं. वाण्याकडचं खायचं कडधान्यच घ्या. बिया वेगळ्या करण्याच्या खेळातही गुंजा, एरंडी, मोगली एरंड आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी वर्ज्य. गुंजा दिसायला देखणी, पण ती चावून फुटली तर जिवावर बेतू शकतं. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना उलट्या झाल्याच्या बातम्या अधूनमधून आपल्याच पानांवर येतात, आणि तेच झाड कित्येक शाळांच्या कुंपणाला असतं. तीन वर्षांच्या मुलांसमोर हरभरा किंवा शेंगदाणाही सुटा ठेवू नये. तो नाकात जातो आणि ओलीने फुगतो. त्यांच्यासाठी आंब्याच्या सुकवलेल्या कोया, मक्याची बुरखुंडं, नारळाच्या करवंट्या असं मोठं साहित्य घ्या.

पाऊस मोजणं बालवाडीला अवघड नाही. एक लिटरची, सरळ अंगाची पाण्याची बाटली खांद्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा आणि कडांना चिकटपट्टी लावा. तळ वेडावाकडा असतो, म्हणून खडे घालून सरळ अंग सुरू होतं तिथपर्यंत पाणी भरा आणि रेघ मारा. तीच शून्याची रेघ. बाटली पागोळीखाली ठेवू नका, उघड्यावर दोन विटांमध्ये ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी रेघेच्या वर पाणी असेल तेवढ्याच उंचीची निळी पट्टी मुलांनी कापायची आणि भिंतीवरच्या महिन्यात त्या दिवशी चिकटवायची. कोरड्या दिवशी जागा मोकळी. महिनाअखेरीस जास्त पाऊस कधी पडला हे मूल बोट ठेवून दाखवतं, त्याला आकडा यायची गरज नसते. मोठ्यांसाठी हिशेब सोपा आहे: एक सेंटिमीटर उंची म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. पट्टी लावली की रेघेवरचं पाणी ओतून टाका, आणि तळातलं पाणीही दोन-तीन दिवसांनी बदला. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात.

डबक्यात होड्या सोडायच्या तर अंगणातलं स्वच्छ डबकं निवडा, गुरं बसतात तिथलं नको. उंदीर-गुरांच्या मुतामुळे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते, आणि पायाला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी कोरड्यात ठेवा. होडीच्या कागदावर आधी मेणबत्ती घासली तर ती बराच वेळ तरते. ऊन पडलं की डबक्याच्या कडेने खडूची रेघ ओढा आणि तासाभराने पुन्हा बघा.

दक्षिण महाराष्ट्रात आषाढात बेंदूर, विदर्भात श्रावणी अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. मातीचे बैल घरोघरी होतात, मग बालवाडीत साचातले का आणायचे? नुसती काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. तिच्यात साधारण तिसरा हिस्सा चाळलेली बारीक वाळू किंवा तांबडी माती घाला. पंचवीस मुलांना सात-आठ किलो पुरे. रात्रभर भिजवा, खडे काढा, कणकेइतकी मऊ मळा. शिंगं आणि पाय गळून पडतात कारण ते नुसते टेकवलेले असतात. जोडायच्या दोन्ही बाजूंवर काडीने ओरखडे काढून पातळ चिखल लावला की सांधा धरतो. उन्हात ठेवू नका, सावलीत चार दिवस वाळू द्या. बैलाला पाच पाय झाले तरी बाईंनी दुरुस्त करू नये. तो त्या मुलाचा बैल आहे.

पुढच्या ऋतूंचं थोडक्यात. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात गेला की भोंडला आहेच, आणि खिरापत ओळखणं हा वास आणि चवीचा उत्तम खेळ आहे. थंडीत सकाळी आणि दुपारी त्याच पाऊलखुणांवर उभं करून सावल्या आखा. बोरनहाणात बोरं, गोळ्या, हरभरे लहान मुलांवर ओतताना तोंडाकडे लक्ष हवं; तीन वर्षांपर्यंतच्यांसाठी चुरमुरेच बरे. फाल्गुनात पळसाची फुलं रात्रभर गरम पाण्यात ठेवली की केशरी रंग उतरतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते लाल होतं, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. चुना मात्र बाईंच्याच हातात हवा, डोळ्यात गेला तर इजा होते.

या सगळ्याला पैसे फार लागत नाहीत, पण सवड लागते. पर्यवेक्षिकांना आणि संस्थाचालकांना विनंती आहे की 'आजचा उपक्रम, आजचा फोटो' हा आग्रह सोडावा. त्याऐवजी त्याच डब्याचे पहिल्या, पाचव्या आणि पंधराव्या दिवशीचे फोटो मागावेत. आपणही स्थानिक पानांवर असे फोटो छापावेत. आणि ज्या शिक्षिकांना बैल करायचे आहेत, त्यांनी माती आत्ताच, मोठा पाऊस लागण्याआधी आणून, चाळून, पोत्यात भरून कोरड्यात ठेवावी. एकदा भिजली की ती चाळता येत नाही.

आपल्या,
बालवाडी-अंगणवाडीत काम करणाऱ्या काही शिक्षिका