आकुर्डीच्या काकांना, मिनेसोटाहून

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पुण्याला सुखरूप पोचल्याचं तुमच्या सूनबाईंकडून कळलं. निघायच्या आदल्या दिवशी आभार मानायला आलो होतो, तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "अरे, नळी तर गुंडाळली, त्यात काय एवढं," म्हणालात, नातवाला माझ्या मांडीवर दिलंत आणि चहा टाकायला निघून गेलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. चारचौघांत लिहिलं की तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी तळणाच्या वापरलेल्या तेलावर गाडी चालवतो. इथल्या मराठी मंडळींत तो हक्काचा विनोद आहे. मी दिसलो की "आली भज्यांची गाडी" होतंच, आणि धुराला खरंच भज्यांचा वास येतो, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. १९८२ सालची मर्सिडीज २४० डी आहे. नाव मोठं, पण ताकद जेमतेम ६७ हॉर्सपॉवर. उन्हाळ्यात ती एका भारतीय हॉटेलातल्या समोशांच्या आणि पुऱ्यांच्या तेलावर मजेत पळते. भानगड सुरू होते नोव्हेंबरपासून.

तळणाचं तेल डिझेलपेक्षा फार घट्ट असतं. चाळीस अंशांना मोजलं तरी साधारण दहापट. म्हणून डिकीत दुसरी टाकी बसवतात. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिनातलं गरम पाणी पाइपाने मागे फिरवून त्या टाकीला आणि तेलाच्या नळीला ऊब द्यायची, तेल पातळ झालं की बटण दाबून त्यावर जायचं. थांबायच्या आधी परत डिझेलवर यायचं, नाहीतर नळीत उरलेलं तेल रात्रीत थिजतं आणि सकाळी गाडी ढिम्म हलत नाही. पुण्याच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवावी लागते, तेच इथे उणे पंचवीसला झाडून सगळ्या तेलांचं होतं. त्यातून हॉटेलवाल्याने तळणाला डालडाछाप काही वापरलं असेल तर बघायलाच नको.

माझं दुखणं असं होतं की बटण दाबलं की थोड्याच वेळात इंजिन गुदमरायचं. डिझेलवर परत आलो की ठणठणीत. जानेवारीत उत्तरेकडच्या डुलुथ शहराच्या वाटेवर, आय-३५ हायवेवर, ती कडेला बंदच पडली. मागच्या सीटवर लेक होती. त्या हवेत बंद गाडीत बसणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

ज्या गॅरेजने भरपूर पैसे घेऊन ही दुसरी टाकी बसवली होती, त्यांच्याकडे आधी गेलो. मालक काउंटरवरूनच म्हणाला, थंडीत हे असंच होणार, एप्रिलमध्ये या. एप्रिलमध्ये मला कशाला हवाय तो! दुसऱ्या ठिकाणी तपासणीची फी आगाऊ घेतली आणि संध्याकाळी कागद हातात दिला: अमान्य इंधन, तपासणी केली नाही. तपासलं नाही याचे पैसे. तिसऱ्याने नाक मुरडून विचारलं की भंगारात किती मिळतील याचा अंदाज हवाय का. बॉनेट एकानेही उघडलं नाही. तेलाचा डाग हाताला लागेल ही भीती मेकॅनिक म्हणवणाऱ्यांना वाटावी, याची मला अजून गंमत वाटते. राग गेलेला नाही, पण गंमतही वाटते.

आणि मग इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला तुम्ही भेटलात. भेटलात म्हणजे काय, सगळे आत तिळगूळ घेत होते आणि तुम्ही मुलाचं ढगळ जॅकेट, त्यावर घरची माकडटोपी अशा थाटात पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी उभे होतात. मी ती तापायला चालू ठेवली होती.

"ट्रॅक्स आहे का रे ही?"

मी हसलो. मर्सिडीज आहे म्हणालो, जरा तोऱ्यातच. तुम्ही मान हलवलीत. "गाडी असेल मर्सिडीज. आवाज ट्रॅक्सचा आहे. उघड बरं."

सगळ्या शहरात गाडीचं बॉनेट उघडायला सांगणारा पहिला माणूस. आत वाकून बघितलंत आणि चेहराच बदलला तुमचा. ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. हेच इंजिन मर्सिडीजवाल्या डेमलरच्या परवान्यावर बजाज टेम्पोने आकुर्डीत बनवलं, तेच त्यांच्या ट्रॅक्स जीपमध्ये बसलं, आणि तुम्ही पंचवीसेक वर्षं ते टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चालवून तपासायच्या चौकटीवर, लावून कान देऊन ऐकलंत. मी साताऱ्याहून मेढ्याला वडापने जायचो, दहाजणांच्या ट्रॅक्समध्ये सोळावा म्हणून दाराला लटकून. त्या घरघरीवर मी वाढलोय, आणि तीच घरघर गेली काही वर्षं माझ्या दारात उभी होती, तरी मला ओळखू आली नाही.

शनिवारी तुम्ही घरी आलात. मुलगा सोडायला आला होता, "बाबा, अर्ध्या तासात आवरा" म्हणत. रॅम्पवर गाडी चढवली, गॅरेजचं दार सताड उघडं, बाहेर बर्फ. तुम्ही जमिनीवर पुठ्ठा टाकलात आणि माझ्या "काका, राहू द्या, मी बघतो" कडे साफ दुर्लक्ष करून गाडीखाली सरकलात. उजव्या हातातला स्कीइंगचा मोजा काढून माझ्याकडे दिलात. मग तो उघडा तळवा नळीवर ठेवलात आणि इंजिनाकडून मागे, वीत वीत, सरकवत नेलात. तोंडाने चालू होतं: "गरम... गरम... इथे कोमट... गरम." मागच्या ॲक्सलच्या वर, जिथे नळी वळून डिकीच्या तळात शिरते, तिथे हात थांबला.

मला वाटलं, आता सांगाल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला खाली यायची खूण केलीत, माझा हात मनगटाशी धरलात आणि त्या वळणावर नेऊन टेकवलात. बर्फ! अलीकडे बोटभरावर नळी गरम होती आणि तिथून पुढे टाकीपर्यंत हातभर नळी नुसती उघडी, गरम पाण्याची सोबत सोडून, चाकाच्या वाऱ्यात. बसवणाऱ्याने तेवढा तुकडा गुंडाळलाच नव्हता. कंटाळा केला असेल. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी पडून आपण दोघं त्या हातभर नळीकडे बघत होतो.

"कळलं?" एवढंच तुम्ही विचारलंत.

काका, मला आभार मानायचेत ते या एका गोष्टीचे. नळी बदलली, पाण्याचा पाइप पुढपर्यंत नेला, वर फोम आणि टेप चढवला, ते सगळं हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानात झालं. कोणी ना कोणी कधीतरी केलंही असतं. पण इतके दिवस मला जो तो काउंटरपलीकडून ऐकवत होता. तुम्ही माझा हात धरून तो दोषावर ठेवलात. शिकाऊ पोराला शिकवावं तसं. पंचेचाळिशीच्या माणसाला असं कोण शिकवतं? तुमचा तळवा तोवर लाल झाला होता आणि तो तुम्ही बगलेत दाबून धरला होता, मला दिसू नये म्हणून. दिसला.

मग चहाला बसलो आणि अर्ध्या तासाचे तीन तास झाले. मुलाचे फोन तुम्ही उचललेच नाहीत. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे तुम्ही असं सांगितलंत की जणू तेव्हा तुम्ही शिफ्टला होतात. "शेंगतेलावर वाढलेली जात आहे ही. तेल गरम दे, स्वच्छ दे, पाणी जाऊ देऊ नकोस. बाकी इंधन जिथे आधी पेटतं ते प्री-चेंबर आणि इंधन ढकलणारा बॉशचा इनलाइन पंप सांभाळून घेतात." मी आपल्याकडच्या २०१८ च्या नियमाचं काढलं, तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात वाढणारे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तळणाला वापरायचं नाही, गोळा करून बायोडिझेलला द्यायचं. तुम्ही बशी खाली ठेवत म्हणालात, "नियम चांगला आहे. पण आपल्याकडे ते गाडीत जायच्या आधी हातगाडीवर जातं."

आपल्या लोकांबद्दल एक बोलतो, मंडळातल्या कोणाला राग आला तर येवो. दर वर्षी कितीतरी आईवडील सहा महिन्यांसाठी इथे येतात. बाळंतपण, नातवंडं, डबे. कार्यक्रमात आपण त्यांना पुढच्या रांगेत बसवतो, वाकून नमस्कार करतो, "करमतंय ना?" विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. त्यांच्यात कोणी पाटबंधाऱ्यात धरणाच्या भिंती बांधलेल्या असतात, कोणी नर्स म्हणून निम्मा जिल्हा जन्माला घातलेला असतो. कोण विचारतं? तुमच्या मुलालाही, तो चांगला आहे, माझा मित्र आहे, पण त्यालाही तुम्ही टेस्ट बेडवर नेमकं काय करायचात ते त्या शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात कळलं. तो न्यायला आला आणि जॅकेटही न काढता उभ्यानेच ऐकत राहिला. मी त्याला खुर्ची द्यायला विसरलो.

आता हालहवाल. गाडी त्यानंतर तेलावर नीट चालते. थर्मामीटरचा काटा ऐंशीला टेकल्याशिवाय बटणाला हात लावत नाही आणि घर यायच्या दोन सिग्नल आधी डिझेलवर येतो, तुम्ही सांगितलंत तसं. कडाक्याच्या दिवसांत तेलात थोडं डिझेल मिसळतो. लेक आता बटण दाबायच्या आधी "काका, ऐंशी!" असं ओरडते. तुमचा मोजा मात्र माझ्याकडेच राहिलाय, एकच. दुसरा तुमच्या मुलाकडे असेल, त्याला म्हणावं एकाचा काही उपयोग नाही, येऊन घेऊन जा.

पुढच्या वेळी डिसेंबरात येऊ नका. जूनमध्ये या. डुलुथला जाऊ, सुपीरिअर सरोवराच्या काठाने वर टू हार्बर्स गावापर्यंत. गाडी तुम्ही चालवायची. तुमचा मुलगा इन्शुरन्सचं काढेलच, त्याच्याशी मी बोलतो.

तुमचा,
भज्यांच्या गाडीवाला