किल्मोर स्ट्रीटवरच्या हॉलची एखादी खूण तुमच्या घरात आहे का?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मराठी वर्ग सुटल्यावर एका काकूंनी आमच्या हातात बिस्किटांचा डबा ठेवला. आत काळा बो-टाय, त्यावर कसलातरी पिवळट डाग, आणि एक प्लास्टिकचा बॅज. बॅजवर त्यांच्या मुलाचं आडनाव, त्यात एक ‘एच’ जास्तीचा. मुलगा शिकत असताना जुन्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मेजवान्यांना वाढायला जायचा. आता तो ब्रिस्बेनला असतो. “टाकवत नाही, आणि ठेवू तरी कुणासाठी?” काकू म्हणाल्या. त्या डब्यावरून मंडळाला हे आवाहन सुचलं.

जे न्यूझीलंडमधल्या आपल्या ख्राइस्टचर्चला नंतर आले, त्यांना कन्व्हेन्शन सेंटर म्हटलं की नदीकाठचं ‘ते पे’ आठवतं. आम्ही म्हणतोय ते त्याच्या आधीचं, १९९७ साली उघडलेलं. किल्मोर स्ट्रीटच्या एका बाजूला टाऊन हॉल, दुसऱ्या बाजूला हे, आणि रस्त्यावरून दोन्हींना जोडणारा पूल. दक्षिणेचा बोचरा वारा सुटला की त्या पुलाची किंमत कळायची. बाकी दिसायला काही खास नव्हतं, खोटं कशाला बोला. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांची इथली पहिली कमाई असल्याच हॉलमध्ये खुर्च्या लावून आणि ताटल्या उचलून झाली आहे.

४ सप्टेंबर २०१० ला पहाटे ४.३५ वाजता ७.१ चा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा गणपती जेमतेम आठवड्यावर आले होते. लातूरकडच्या मंडळींना किल्लारीची पहाट आठवली. पडझड झाली, पण माणसं वाचली. संकट टळलं असंच सगळे धरून चालले. मग २२ फेब्रुवारी २०११, मंगळवार, दुपारी १२.५१, ऐन जेवणाची वेळ. हा धक्का ६.३ चा, म्हणजे आकड्याने लहान. पण तो जवळजवळ शहराच्या पायाखालीच, जेमतेम पाच किलोमीटर खोलीवर झाला. १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एकट्या सीटीव्ही (कँटरबरी टेलिव्हिजन) इमारतीत. एव्हन नदीच्या काठची ओली वाळू पेजेसारखी पातळ होऊन वर आली, रस्ते राखाडी चिखलाने भरले आणि टाऊन हॉलखालची जमीन नदीकडे सरकली. त्या आठवड्यात शहरात मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. त्यातले काही डॉक्टर तडक ढिगाऱ्यांकडे धावले. पाइन गूल्ड इमारतीत अडकलेल्या एका माणसाचे पाय करवत आणि खिशातला चाकू वापरून कापावे लागले, तेव्हा तो जगला. परिषदेला आलेल्या पाहुण्यांची ही आठवण या शहराने विसरू नये.

शहराच्या मध्यभागाला कुंपण पडलं आणि २०१२ मध्ये कन्व्हेन्शन सेंटर पाडलं गेलं. टाऊन हॉलसाठी लोक भांडले, नगरपरिषदेने तो दुरुस्त करायचा ठराव केला आणि २०१९ ला तो पुन्हा उघडला. कॅथेड्रल पाडायचं की राखायचं, यावरून तर किती वर्षं वाद चालला, सगळ्यांना ठाऊक आहे. कन्व्हेन्शन सेंटरसाठी मात्र कुणी फलक धरून उभं राहिल्याचं आम्हाला आठवत नाही. शहर पुन्हा उभारण्याच्या जुलै २०१२ च्या आराखड्यात त्याची जागाच बदलली आणि ‘ते पे’ उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. जेमतेम १४ वर्षं वापरात राहिलेली इमारत, तिचा कोण कशाला संग्रह करणार?

म्हणून आपणच करू या. तिथे काम केलेल्यांचे बॅज, ड्यूटीचे कागद, मेनू कार्डं, परिषदेच्या पिशव्या, कार्यक्रमपत्रिका आणि फोटो, काहीही चालेल. फोटोत तुम्ही नसलात आणि मागे नुसता पूल दिसत असला तरी हवाच. वस्तू नसेल तर दहा मिनिटं आठवण सांगा, फोनवर रेकॉर्ड करू. मराठीतच सांगा, इंग्रजी भाषांतराचं आम्ही बघू. कँटरबरी विद्यापीठाचा भूकंपाविषयीचा ‘सीझमिक’ हा डिजिटल संग्रह आहे. आपलं साहित्य नीट लागलं की ते घ्यावं अशी विनंती त्यांना करणार आहोत.

मूळ वस्तू पोस्टाने पाठवू नका. रविवारी मराठी वर्गाला घेऊन या, तिथेच स्कॅन करून परत देऊ. फोटोत दुसऱ्या कुणाचे चेहरे असतील तर त्यांना आधी विचारून घ्या.

पैशांचंही सांगायला हवं. सध्याचा स्कॅनर उसना आहे आणि मालकाला तो परत हवाय. नवा स्कॅनर आणि दोन हार्ड डिस्क एवढाच खर्च आहे. वीस डॉलर दिलेत तरी पावती मिळेल, आणि जमाखर्च वार्षिक सभेत मांडू. दहावी-अकरावीतल्या मुलांचे दोन-दोन तासही हवेत. जुन्या फोटोंना नावं आणि तारखा टंकायचं काम आमच्या डोळ्यांना आता झेपत नाही.

येत्या २२ फेब्रुवारीच्या आत जेवढं जमेल तेवढं आणा. त्या दिवशी लोक रस्त्यावरच्या नारिंगी शंकूंमध्ये फुलं खोचतात. आम्ही किल्मोर स्ट्रीटवरच्या एका शंकूत खोचणार आहोत, ज्यांना यायचंय त्यांनी १२.३० ला टाऊन हॉलच्या दाराशी भेटावं.

काकूंचा डबा सध्या चिटणिसांच्या घरी फ्रिजवर ठेवला आहे. डाग धुवायचा नाही, असं समितीत एकमताने ठरलंय.

आपली,
मंडळाची कार्यकारी समिती